बाबाच्या गुडघ्यांना परवडेल असं लपण

बदकांच्या शिकारीला आडोसा म्हणून लपण बांधणं अगदी सोपं असतं, असं मला गावातल्या अकरा जणांनी सांगितलं. त्यातल्या एकानंही आयुष्यात कधी लपण बांधलेलं नव्हतं. बारावा माणूस म्हणजे माझा बाबा. त्यानं आजवर सहा बांधली होती. तो म्हणाला, "मार्नी, तुला नाही जमायचं."

तेव्हा तो खोक्यांना चिकटपट्टी लावत होता आणि आई गेल्यावर त्याला भेटलेली आर्लीन त्याच्या कपबशा वर्तमानपत्रात गुंडाळत होती. घर विकून झालं होतं. सव्वीस सप्टेंबरला, शुक्रवारी, दोघं गाडीला ट्रेलर जोडून ॲरिझोनात आर्लीनच्या घरी जाणार होते. राहायला. कायमचे. बदकांच्या शिकारीचा मोसम उघडणार होता सत्तावीसला, शनिवारी. तारखा ठरवताना हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं होतं आणि कुणी बोललं नव्हतं. आमच्या घरात दुसरी पद्धत जास्त चालते.

"जायच्या आधी एक सकाळ बोटीतून जाऊ या ना," मी म्हटलं. "फक्त एक."

"कसा येऊ?" बाबा म्हणाला. "एक गुडघा बदललेला, एक बदलायचा राहिलेला. लव्हाळ्यात बोट घुसवायची आणि गुडघ्यांवर बसून मान खाली घालायची, हे दिवस गेले आता. मला खुर्ची लागते. उघड्या बोटीत खुर्ची टाकून बदकांची वाट बघायची म्हणजे बसथांब्यावर बसल्यासारखं. बदकांनाही काही वाटतं, मार्नी."

"मग बोटीवर लपण बांधू. उंच. खुर्चीवर बसलास तरी टोपी दिसणार नाही असं."

"कोण बांधणार?"

"मी."

बाबा हसला. आर्लीनही हसली, पण का हसायचं ते माहीत नसल्यामुळे अर्ध्यावर थांबली. आर्लीन चांगली बाई आहे. हीच तर अडचण आहे. वाईट असती तर मला किती सोपं गेलं असतं! तिच्या ॲरिझोनातल्या अंगणात गवताऐवजी दगड पसरलेले आहेत आणि चाळीस मैलांत पाणी नाही. फोटो दाखवताना ती म्हणाली होती, "बघ, काही निगा राखावी लागत नाही." मी म्हटलं, "छान आहेत दगड." दुसरं काय म्हणणार?

शेवटी तह झाला. लपण शुक्रवारपर्यंत उभं राहिलं आणि बाबा गुडघे न टेकता त्यात बसू शकला, तर शनिवारी सकाळी बोट पाण्यात आणि रविवारी प्रयाण. नाही राहिलं, तर शुक्रवारी सकाळी आठला ट्रेलर हलणार. आर्लीननं कॅलेंडरावर दोन्ही दिवसांभोवती पेन्सिलीनं गोल केले. शुक्रवारचा जरा ठळक होता.

आई गेल्यापासून चार वर्षं बाबानं बोट पाण्यात घातली नव्हती. घर विकल्यावर ती आमच्या गॅरेजसमोर आली होती. चौदा फुटी, पत्र्याची, सपाट बुडाची. ताडपत्रीखाली एखाद्या आजारी म्हशीसारखी पडून होती. माझ्या हातात सतरा दिवस होते. दिवसाला हेडीच्या दोन झोपा, झोपेला चाळीस मिनिटं. हेडी माझी दहा महिन्यांची मुलगी. चाळीस मिनिटं हा तिचा उच्चांक. मी स्क्रू आणि पाना हातात घेतले की तिला आतून कळतं.

"बदक दुकानात मिळतं, माहितीये ना?" माझा नवरा कर्टिस म्हणाला. तो चीजच्या कारखान्यात कामाला आहे. चीज दुकानात मिळत असताना हे लोक ते बनवतात कशाला, असं मी त्याला कधी विचारलेलं नाही.

चौकट वायरिंगच्या पत्र्याच्या पाइपांची करायची असं मी ठरवलं. हलकी पडते, वाकवता येते. पहिला पाइप वाकवत होते तेवढ्यात पोडलेस्नी सर घडीची खुर्ची घेऊन फाटकातून आत आले आणि माझ्यासमोर ती मांडून बसले. पोडलेस्नी सर शेजारी राहतात. शाळेत त्यांनी आम्हाला सुतारकाम शिकवलं. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, पण ते निवृत्त झाल्याचं अजून त्यांना कुणी नीट समजावून सांगितलेलं दिसत नाही.

"लाकूड वापर," सर म्हणाले.

"वजन होईल, सर. बोट बसेल खाली."

"आठवीत तू पक्ष्यांसाठी पेटी केली होतीस. आठवतं?"

"आठवतं."

"तिला भोक नव्हतं."

पक्षी आत जाणार कसा, हा प्रश्न आठवीत मला दुय्यम वाटला होता. पेटीचे सांधे मात्र उत्तम होते. हे मी सरांना सांगितलं नाही, कारण स्वाभिमान म्हणून काही असतो.

लपण असं करायचं होतं की जाताना दोन्ही भिंती बोटीच्या काठावर मिटून पडाव्यात आणि जागेवर पोचल्यावर एक दोरी ओढली की उभ्या राहाव्यात. पाचव्या दिवशी चौकट तयार झाली. आत मी उंच खुर्ची पक्की केली. बाबाच्या गुडघ्यांचं माप कुणावरून घ्यायचं? सर म्हणाले, "माझं घे. माझेही तसेच आहेत." ते आत चढून बसले. मी दोरी ओढली. भिंती उभ्या राहिल्या. इतकं सुंदर दृश्य मी बाळंतपणानंतर पाहिलं नव्हतं. आणि नेमकी त्याच क्षणी हेडी रडली.

मी दोरी सोडून घरात पळाले.

हेडीला पाजलं, तिचं बदललं, तिला जरा खेळवलं. मनात आलं, सर आपले निघून गेले असतील. वीस मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर लपण घट्ट मिटलेलं आणि त्याच्या आतून अत्यंत शांत, वर्गात यायचा तसाच आवाज येतोय.

"मार्नी."

"सर!"

"कप्पी उलटी बसवलीस."

त्यांना बाहेर काढताना त्यांच्या चष्म्याची एक काडी गेली. त्यांनी ती खिशात ठेवली आणि म्हणाले, "उंची मात्र बरोबर आहे." हे आमच्या शाळेत मिळू शकणारं सर्वोच्च प्रमाणपत्र होतं. मला ते तेवीस वर्षं उशिरा मिळालं.

दोन दिवसांनी गावच्या कचेरीतून पत्र आलं. आपल्या घरासमोर सहा फुटांहून उंच असं विनापरवाना बांधकाम आढळून आलं आहे, तरी खुलासा करावा. कुणी कळवलं ते पत्रात नव्हतं. माझा कुणावर संशय नाही. कोपऱ्यावरच्या घरातली बाई त्या दिवसापासून मला बघून पडदा ओढते, एवढंच.

हेडीला कडेवर घेऊन मी कचेरीत गेले. खिडकीपलीकडे बर्नाडीन बाई होत्या. त्यांच्यासमोर अर्ज, अर्जावर रकाने.

"घर आहे का?"

"नाही. बोट आहे."

"बोटीला परवाना लागत नाही. पत्रात बांधकाम लिहिलंय. छप्पर आहे?"

"अर्धं."

"कुणी राहणार आहे त्यात?"

"राहणार नाही. लपणार."

बर्नाडीन बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "कुणापासून?"

"बदकांपासून."

त्यांनी अर्ज उलटला, मागची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. "असा रकाना नाही. गोदाम आहे, तंबू आहे, कोंबड्यांचं खुराडं आहे, मुलांचं खेळघर आहे."

"यातलं लवकर काय होतं?"

"खुराड्याला आरोग्य खात्याचा दाखला लागतो. तंबूला लग्नाची तारीख लागते. खेळघराचं परवा होऊन जाईल." मग हेडीकडे बघून, "मूल चालतं का?"

"रांगते."

"मग पायऱ्या नाहीत, असं लिहा."

अशा रीतीनं माझ्या मुलीच्या नावावर, वयाच्या दहाव्या महिन्यात, वीस चौरस फुटांचं खेळघर मंजूर झालं. अट एवढीच की तपासनीस येऊन बघून जाईल. तो आला मंगळवारी, हातात वही घेऊन. तरुण, दाढी राखलेला. लपणाकडे बघून जागच्या जागी थबकला. वही त्यानं बोटीच्या काठावर ठेवली, आत चढला, खुर्चीवर बसला आणि हातात नसलेली बंदूक खांद्याला लावून आभाळभर फिरवली. डावीकडून दोन बदकं पाडली, उजवीकडचं एक चुकलं. ते त्याच्या तोंडावरून कळलं.

"खेळघर ना हे?" त्यानं विचारलं.

"खेळघरच आहे."

"माझ्या लहानपणी असं असतं तर!" तो म्हणाला आणि सही केली. जायला निघाला, मग परत वळला. "गवत कुठलं लावताय?"

"पाणकणसं. वाळवून, पिवळी करून."

"अरे वा. नोव्हेंबरात बदकं वेडी होतील."

बदकं वेडी होतील, एवढं मी ऐकलं. आधीचा शब्द मी ऐकला नाही असं नाही. पण माणूस कौतुकातला आपल्या कामाचा भाग घेतो आणि पुढे जातो.

पाणकणसं कापायला मी रविवारीच जाऊन आले होते. पाण्याच्या वरून कापायची, मुळं उपटायची नाहीत, असा नियम आहे. मी नियमानं कापली. ती हिरवीगार निघाली. माझा विरस झाला. लपण कसं वाळक्या गवताच्या रंगाचं हवं. कामाच्या मधे कधी हात थांबला आणि डोळ्यांसमोर पाणथळ आलं, की ते त्याच रंगाचं यायचं. पिवळं, त्यात धुकं, बोटीच्या टोकाला बाबाची पाठ आणि थर्मासच्या झाकणातून पिताना ओठांना लागणारी कॉफीची वाफ. हेडीला मांडीवर घेऊन पाजताना मी हे चित्र इतक्या वेळा काढलं होतं की त्यातलं एकेक पातं मला ठाऊक झालं होतं. तेव्हा हिरवं चालणार नव्हतं. मी सगळ्या पेंढ्या तळघरात कपडे वाळवायच्या मशीनमागे रचल्या, वर पंखा लावला, आणि चार दिवस आमच्या घरात दुपटी कमी आणि गवत जास्त वाळलं.

पाणकणसाला वर तपकिरी कणीस असतं, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. ते कोरड्या ऊबेत ठेवलं की फुटतं, हेही माहीत असतं. फक्त ऐन वेळी आठवत नाही. बुधवारी दुपारी मला वरून हेडीची शिंक ऐकू आली. मग आणखी एक. मग खाली तळघरात कुणीतरी उशी फाडावी तसा फस्स आवाज झाला, आणि त्यानंतर शंभर उशा.

तासाभरानं कर्टिस कामावरून आला. दारातच उभा राहिला. जिना, सोफा, दिवे, हेडी, मी, सगळं पांढरं. हवेत कापूस संथपणे तरंगत होता.

"घरात बर्फ पडलाय," तो म्हणाला.

"बोलू नकोस. तोंडात जातो."

त्याच वेळी मागून आर्लीन आली, हातात आईच्या ताटांचं खोकं घेऊन. ती ताटं मला द्यायला आणली होती. माझ्या आयुष्यात या बाईनं ज्या क्षणी येऊ नये असे जे क्षण असतील, त्यात हा पहिला होता. केसांत कापूस, अंगावर दुधाचे डाग, शुक्रवारला दोन दिवस, आणि लपणाच्या अंगावर अजून गवताची एक काडी नाही. मी जिन्यावर बसले आणि मला रडू आलं. रडलं की कापूस गालांना चिकटतो, ही माहिती मला नवीन होती.

आर्लीननं खोकं खाली ठेवलं. केस रुमालात बांधले आणि झाडू मागितला.

"राहू द्या हो," मी म्हटलं. "तुमचं तर बरंच झालं. शुक्रवारी निघा."

"मला शुक्रवारीच निघायचं होतं," ती झाडता झाडता म्हणाली. "खोटं कशाला बोलू? एकेक दिवस इथे राहिला की तो आणखी इथलाच होतो." मग थोडी थांबली. "रोज सकाळी तो खोक्यातून बदकशिट्टी काढतो. वाजवत नाही. हातात धरतो आणि परत ठेवतो. मग मी त्या खोक्याला पट्टी लावते. दुसऱ्या दिवशी पट्टी सुटलेली असते."

मी गालांवरचा कापूस पुसला.

"कसं बांधायचं हे?" तिनं एक पेंढी उचलली. "अशी गाठ मारलीस तर सुटेल. बघ, अशी मार. मी चाळीस वर्षं गोधड्या शिवल्यात."

बुधवारची संध्याकाळ आणि गुरुवारचा अख्खा दिवस आम्ही दोघी गॅरेजमधे गोणपाटावर पेंढ्या बांधत बसलो. पोडलेस्नी सर काडी चिकटवलेला चष्मा लावून खुर्चीवर देखरेखीला. आर्लीनच्या गाठी एका ओळीत, माझ्या वाटेल तशा. "तुझ्या बाजूनं वारा शिरेल," सर मला म्हणाले. आर्लीन म्हणाली, "तिच्या बाजूला मी दोनदा बांधते." मला तिचा राग यायचा राहून गेला. नंतर यायला हवा होता तेव्हाही आला नाही.

बाबाला मी लपण दाखवलं नव्हतं. "शनिवारीच बघ," असं बजावलं होतं. बसता येतं याची ग्वाही सरांच्या गुडघ्यांनी दिली होती. शुक्रवारी सकाळी आठला ट्रेलर हलला नाही. कॅलेंडरावरचा ठळक गोल आर्लीननं रबरानं पुसला, असं बाबानंच मला फोनवर सांगितलं. कौतुकानं सांगितलं की तक्रारीनं, ते कळलं नाही.

शनिवारी अंधारातच आम्ही बोट पाण्यात घातली. कर्टिसला मी हेडीच्या बाटलीबद्दल एवढ्या सूचना दिल्या होत्या की शेवटी तो म्हणाला, "मार्नी, तू चार तासांसाठी चाललीयेस की चार वर्षांसाठी?" बाबानं लव्हाळ्याच्या कडेला बोट लावली. खरी फसून उतरावीत म्हणून पाण्यावर आमची प्लास्टिकची बदकं सोडली, एकेक, दोरी न गुंतवता. मी दोरी ओढली. भिंती उभ्या राहिल्या. बाबा खुर्चीवर बसला. गुडघे न टेकता. त्यानं दोन्ही हात मांड्यांवर ठेवले आणि नाकानं एक लांब श्वास घेतला, जसा आपण आपल्या घरात शिरल्यावर घेतो. मला वाटलं, झालं. याहून जास्त मी काही मागितलंच नव्हतं.

आणि मग उजाडलं.

सप्टेंबरातलं पाणथळ हिरवं असतं. नुसतं हिरवं नाही. चहूबाजूंनी, क्षितिजापर्यंत, डोळ्यांना झोंबेल इतकं हिरवं. त्या हिरव्याच्या मधोमध आम्ही बापलेक एका सोनेरी गवताच्या गंजीत बसलो होतो.

बाबानं लपणाच्या भिंतीकडे बघितलं. मग पाणथळाकडे. मग पुन्हा भिंतीकडे.

"मार्नी, हे नोव्हेंबरचं लपण आहे."

"हो."

"आज सप्टेंबर आहे."

"हो, बाबा."

तेव्हा मला उमगलं. मोसम उघडायचा त्या दिवशी बाबा मला कधी न्यायचाच नाही. तो दिवस त्याचा आणि आईचा असायचा. मी शेजारी झोपायला जायचे. मला तो न्यायचा नोव्हेंबरात, गर्दी गेल्यावर, गवत वाळल्यावर. हिरवं पाणथळ मी शिकारीच्या सकाळी कधी पाहिलंच नव्हतं. मी चार दिवस पंखा लावून, घरभर कापूस उडवून, चांगलं हिरवं गवत मेहनतीनं बिघडवलं होतं. तेही इतक्या निगुतीनं!

पलीकडच्या बोटीतून बाबाच्या नावानं हाक आली. "ओ लाव्हर्न! चारा विकायला काढलाय का?"

दुसरा म्हणाला, "पेटवू नका हो, आम्ही जवळच आहोत!"

बाबा खुर्चीतून अर्धा उठला आणि ओरडला, "माझ्या पोरीनं बांधलंय! तुझ्या पोरानं काय बांधलं आजवर? बुटाची नाडी?"

त्या ओरडण्यानं आसपासची उरलीसुरली बदकंही गेली. जी पुढे आली ती दुरून यायची, आमच्यावर एक नजर टाकायची आणि विचार बदलायची. आठपर्यंत बाकीच्यांच्या बोटी भरून परतल्या. पाण्यावर आम्ही, आमची प्लास्टिकची बदकं आणि गंजी.

"जायचं का?" मी विचारलं. विचारावं लागलं म्हणून.

"बसू," बाबा म्हणाला.

आम्ही बसलो. आईनं एकदा याच जागी बूट पाण्यात घालवला होता, तो कुठे बुडाला ते त्यानं बोटानं दाखवलं. दगडांच्या अंगणाबद्दल तो म्हणाला, "पहाटे तिथे लावे पक्षी येतात म्हणे." मी म्हटलं, "म्हणे काय? बघ आणि मला कळव." तो "हं" म्हणाला.

आणि नऊच्या सुमाराला माझं दूध भरून आलं.

हे सांगायला संकोच वाटतो, पण झालं ते झालं. छाती दगडासारखी झाली. सगळं सामान मी आठवणीनं घेतलं होतं, काडतुसं, कॉफी, सँडविच, बाबाच्या गुडघ्यांचं मलम. दूध काढायचा पंप स्वयंपाकघराच्या ओट्यावर राहिला होता. जॅकेटच्या पुढे दोन ओले गोल उमटायला लागले. मला इथून हलायचं नव्हतं. मला त्याच क्षणी घरीही जायचं होतं, पळत. दोन्ही इतकं खरं होतं की मला एका जागी नीट बसता येईना.

बाबानं बघितलं. लगेच नजर वळवली.

"घरचं बोलावणं?"

"हो."

"निघू या मग."

"नको," मी म्हटलं. आवाज जरा मोठा निघाला. "नको. तू मागे तोंड कर. थोडा वेळ. माझं मी बघते."

बाबा खुर्चीवर सबंध फिरला. गुडघ्यांना हात लावून, कण्हत, पण फिरला, आणि बोटीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून ताठ बसला. बंदूक त्यानं खाली ठेवली. "तू झालीस त्या वर्षी," तो लव्हाळ्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "तुझी आई मला दर तासाला घरी चल म्हणायची. मला वाटायचं, हिला माझा कंटाळा आलाय."

मी थर्मासचं झाकण हातात घेतलं आणि गवताच्या पडद्याआड कामाला लागले. ज्यानं मला एकाही बदकापासून लपवलं नव्हतं, ते माझं लपण निदान एवढ्या कामाला उपयोगी पडलं.

तेवढ्यात वरून काहीतरी फाडत गेल्यासारखा आवाज आला, आणि पाण्यावर ठप, ठप, ठप.

बाबाची मान ताठ झाली. पण तो वळला नाही. माझा बाप आहे तो. आभाळ पडलं असतं तरी वळला नसता.

"किती?" त्यानं ओठ न हलवता विचारलं.

गवताच्या फटीतून मला दिसत होतं. पंधरा हातांवर. "सहा," मी कुजबुजले. "नाही, सात. टील जातीची आहेत. लहानशी."

"बंदूक?"

"दोन्ही हात गुंतलेत, बाबा."

त्याचे खांदे हलले. हसत होता. "नर ओळखू येतो का त्यांत?"

"नाही. सगळी सारखीच दिसतायत."

"सप्टेंबरात तशीच दिसतात. काय करतायत?"

"एक आपल्या प्लास्टिकच्या बदकाभोवती फिरतंय. त्याला चोच मारून बघतंय."

"कळलं का त्याला?"

"अजून नाही. बोलतंय त्याच्याशी."

"बिचारं," बाबा म्हणाला.

दूध झाकणात बारीक धारेनं पडत होतं. ऊन लपणावर आलं होतं आणि ते आणखीच पिवळं दिसत होतं. बदकांना त्याचं काही नव्हतं. मी एकेक सांगत गेले, कोण डुबकी मारतंय, कुणाच्या पंखावर निळं चमकलं, कोण कुणाच्या मागे. तो पाठमोरा ऐकत होता, मान थोडी कलती करून, जशी हेडी गोष्ट ऐकताना करते.

मग काय झालं कुणास ठाऊक. सातही बदकं एकदम उठली. पाणी फुटलं, पंख कडाडले, आणि लव्हाळ्यावरून ती निघून गेली. लांब, दक्षिणेकडे. पाण्यावर वर्तुळं राहिली आणि आमची प्लास्टिकची, दोऱ्यांना बांधलेली.

अंधारात नुसत्या पंखांच्या आवाजावरून पन्नास वर्षं ज्यानं बदक ओळखलं, त्याला हे ऐकू आलं नसेल, असं होणार नाही. तो हलला नाही. हात गुडघ्यांवर, पाठ माझ्याकडे. वर्तुळं मोठी होत लव्हाळ्यात विरून गेली. मी झाकण खाली ठेवलं, बटणं लावली. आता वळ, असं मी म्हणू शकले असते.

"आता काय करतायत?" बाबानं विचारलं.

मी रिकाम्या पाण्याकडे बघितलं.

"एक झोपलंय," मी म्हटलं. "मान पंखात घालून. बाकीची तिथंच आहेत त्याच्याजवळ. कुणाला काही घाई नाहीये."